दोडक्याचा वेल आणि शेजारधर्म: परसबागेने गाव कसे जोडले जाते?

सप्टेंबर महिना आला की अंगणवाडीच्या भिंतीवर राष्ट्रीय पोषण माहचे फलक लागतात, शाळांमध्ये परसबागेच्या स्पर्धा होतात आणि ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटांच्या बैठकीत पोषण परसबागेचा विषय निघतो. २०१८पासून दरवर्षी हा महिना पाळला जातो. परसबागेचे फायदे सांगताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: घरात ताजी भाजी येते आणि गावात एकोपा वाढतो. पहिली गोष्ट कोणालाही पटते. दुसरी मात्र ऐकून सोडून दिली जाते, कारण ती घडते कशी, हे कोणी उलगडून सांगत नाही. चार वाफे मेथी आणि कुंपणावरचा एक वेल एवढ्याने गाव कसे जोडले जाणार, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. माझ्या मते हे खरोखर घडते, परंतु आपोआप घडत नाही. थोडी आखणी केली नाही, तर जी माणसे आधीच जवळची आहेत तीच आणखी जवळ येतात आणि गावातले अंतर होते तेवढेच राहते.

शेतकऱ्याच्याच घरात भाजीची टंचाई कशी?

अमरावती विभागात आणि वर्धा-नागपूरच्या मोठ्या भागात शेत म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तूर. पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धान. कापूस जिनिंगमध्ये जातो, सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जाते, आणि शेतात एवढे पिकूनही चुलीवर चढवण्यासारखे त्यातून फारसे घरी येत नाही. पूर्वी कपाशीच्या ओळींमध्ये अंबाडी, बरबटी (चवळी), मूग, उडीद यांचे तास असत आणि निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी पदरात भाजी घेऊनच घरी येत असे. ही मिश्र पिके कमी झाली, आणि तणनाशकाची फवारणी वाढली तसा बांधावरचा तरोटा, घोळ आणि चिवळही नाहीशी होऊ लागली.

मग उरतो तो आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी आणलेली पालेभाजी दुसऱ्या दिवशी संपते किंवा सुकते, आणि पुढचे दिवस आलू, वरण, चून-भाकर यांवर निघतात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. पण त्यात भाजी नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४च्या आहारविषयक सूचनांमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. पाच जणांच्या घराला म्हणजे रोज सुमारे दोन किलो. रोजमजुरीवर चालणाऱ्या कुटुंबाने एवढी भाजी विकत घ्यायची म्हटले, तर घरखर्चातले दुसरे काहीतरी सोडावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. ताटातली हिरवी भाजी कमी पडणे हे त्याचे एकमेव कारण नव्हे, परंतु कारणांपैकी एक नक्कीच आहे.

परसबाग म्हणजे किती मोठी बाग?

घराच्या मागची किंवा बाजूची मोकळी जागा, जिला पूर्व विदर्भात सांदवाडी किंवा नुसती वाडी म्हणतात, तिथे नहाणीच्या पाण्यावर आणि घरच्या शेणखतावर घरापुरती भाजी लावणे, एवढाच परसबागेचा अर्थ आहे. बचत गटांमधून जो नमुना शिकवला जातो त्यात मधोमध काडीकचरा कुजवण्याचा खड्डा आणि त्याभोवती गोलाकार सात वाफे असतात, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक वाफा. जागा चौकोनी असेल तर वाफे चौकोनी करावेत. आकारात काही जादू नाही. महत्त्वाचे हे की सर्व वाफ्यांत एकाच दिवशी एकच भाजी पेरू नये. मेथी सुमारे महिनाभरात काढायला येते, दोडका आणि कारले दीड-दोन महिने घेतात, शेवग्याची फांदी एकदा जगली की वर्षानुवर्षे पाला आणि शेंगा देते. पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळले तर त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तेच लोह कमी शोषले जाते.

पोषणाची बाजू येथे थांबवतो. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

भाजी वाटली जाते, कापूस का वाटला जात नाही?

एकोप्याचा उगम भाजीच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव समजला की पुढचे सगळे उलगडते. कापूस घरात महिनोन्‌महिने राहतो, भावाची वाट पाहतो, आणि गाडी भरून विकला जातो. जी वस्तू टिकते आणि ठोक भावाने विकता येते ती कोणी वाटत नाही. तसे करणे शहाणपणाचेही नाही. परसबागेतली भाजी याच्या नेमकी उलट आहे.

श्रावणातला दोडक्याचा वेल पाहावा. मृगात तुऱ्हाटीच्या कुंपणाला लावलेले बी दीड महिन्याने टिनाच्या छपरावर चढते, संध्याकाळी पिवळी फुले उमलतात, आणि मग एका आठवड्यात एकदम दहा-बारा दोडके लोंबू लागतात. आज तोडले नाहीत तर दोन-तीन दिवसांत ते जून होतात, शिरा टणक होतात, आत जाळी धरते आणि भाजी घशाखाली उतरत नाही. तोडून ठेवले तरी चौथ्या दिवशी मलूल पडतात. घरातली चार माणसे रोज दोडके खाऊन कंटाळलेली असतात. बाजारात न्यावे तर एवढ्याशा मालासाठी ऑटोचे भाडेही सुटत नाही. अशा वेळी कुंपणापलीकडे हाक जाते, “बाई, दोडके लय झाले वं, चार घेऊन जाय सांजच्या भाजीले.”

या हाकेमागे उदारपणा असतोच, पण त्या उदारपणाला वाट मिळते ती या अडचणीमुळे. जे एकदम येते, टिकत नाही आणि विकायला पुरत नाही, ते देताना घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे पडत नाही. पैसे देऊ केले तर घेणारा ओशाळतो. जास्तीचे दोडके घेताना तो सहज म्हणतो की बरे झाले, आज भाजीचा प्रश्नच होता. गरिबाघरची बाईही श्रीमंताच्या घरी हक्काने वानोळा, म्हणजे घरच्या भाजीची भेट, नेऊ शकते, कारण वेलाला घरची ऐपत समजत नाही. देणारा आणि घेणारा यांची पायरी ज्यात रोज बदलते असे व्यवहार गावात थोडेच उरले आहेत.

एका वाटीने नाते कसे बनते?

समाजशास्त्रात यासाठी ‘सामाजिक भांडवल’ असा शब्द आहे. माणसामाणसांतला ओळखीचा, विश्वासाचा आणि परस्पर मदतीचा जो साठा अडीअडचणीला कामी येतो, त्याला हे नाव आहे. तो विरजणासारखा असतो: शेजारणीला चमचाभर दिले म्हणून आपल्या घरचे कमी होत नाही, रोज लावत राहिले तरच ते जिवंत राहते, आणि एखाद्या दिवशी आपल्याकडचे नासले तर आपणच दिलेले तिच्या घरून परत आणता येते.

विश्वासाचा हा साठा वाढतो तो लहान आणि वारंवार होणाऱ्या देवघेवीतून. मोठी मदत वर्षातून एकदा होते आणि तिचा हिशेब लक्षात राहतो. वाटीभर बरबटीच्या शेंगांचा हिशेब कोणी ठेवत नाही, मात्र आलेली वाटी रिकामी परत करायची नाही हा संकेत घरोघर पाळला जातो. चार दिवसांनी तीच वाटी लोणचे, ताक किंवा सांबार (कोथिंबीर) घेऊन परत जाते. परतफेड लगेच आणि तेवढ्याच मोलाची झाली तर व्यवहार तिथेच संपतो. ती उशिरा आणि वेगळ्या वस्तूने होते म्हणून कोणीतरी कोणाचे तरी देणे लागत राहते, आणि ये-जा चालू राहते.

या ये-जेचे मोल संकटात कळते. रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की कोणाची मोटारसायकल मागायची, फवारणी करून आलेल्या माणसाला चक्कर आली तर कोणाला उठवायचे, पोरगी कॉलेजहून उशिरा येणार असेल तर फाट्यावर कोण जाईल, हे प्रश्न त्या वेळी ओळख काढून सुटत नाहीत. जिच्याशी कुंपणावरून रोज चार शब्द बोलले जातात तिचेच दार आपण आधी ठोठावतो. घरातला कर्ता गेल्यावर विदर्भातल्या किती स्त्रियांनी घर आणि शेत दोन्ही एकटीने सावरले आहे, हे आपण पाहतोच. त्यांना शासकीय मदतीचा धनादेश लागतो आणि रोज विचारपूस करणारी शेजारीणही लागते. धनादेश एकदा येतो.

मग जातीचे काय?

परसबागेवर बोलताना हा प्रश्न टाळला जातो, म्हणून मला तो सविस्तर मांडायचा आहे. आपल्या गावांत अन्नाने माणसे जोडली गेली तशी तोडलीही गेली आहेत. कच्ची भाजी, धान्य, शिधा हे कोणाच्याही घरून कोणाच्याही घरी जाते. शिजवलेले अन्न मात्र अनेक ठिकाणी अजूनही मोहल्ल्याच्या सीमेवर थांबते. राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच विदर्भाच्या भूमीवर, नागपुरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तरीही कोणाच्या घरचे पाणी प्यायचे आणि कोणाच्या हातचे खायचे याचे न बोललेले नियम पुसले गेलेले नाहीत.

वानोळा आपोआप जातो तो शेजाऱ्याकडे, आणि वस्ती जातीनुसार बसलेली असेल तर शेजारी बहुधा आपल्याच जातीचा असतो. म्हणजे परसबाग नुसती लावून सोडली तर घट्ट नाती आणखी घट्ट होतील, आणि दोन मोहल्ल्यांमधला रस्ता तसाच राहील. पलीकडे जाणारी नाती जोडण्यासाठी मुद्दाम जागा तयार करावी लागते.

ती जागा शाळेत आधीपासून आहे. शाळेत दुपारचे जेवण देणाऱ्या पीएम पोषण योजनेत शाळेच्या परसबागेची तरतूद आहे आणि ‘तिथी भोजन’ नावाची सोयही आहे, ज्यात गावकरी वाढदिवस, सण किंवा स्मृतिदिनानिमित्त शाळेतल्या मुलांना जेवण किंवा जास्तीचा पदार्थ देऊ शकतात. प्रत्येक मोहल्ल्यातल्या घरांनी ठरवून आठवड्यातून एक दिवस आपल्या परसबागेतली भाजी शाळेच्या स्वयंपाकघरात पोहोचवली, तर सगळ्यांचे वांगे एकाच कढईत पडते, आणि फोडणी बसल्यावर कोणते वांगे कोणाच्या घरचे हे कोणालाही सांगता येत नाही. ती भाजी सगळी मुले एका पंगतीत खातात. मुलांच्या ताटात जे रोज घडते ते मोठ्यांना नाकारणे हळूहळू अवघड होते.

दुसरी जागा म्हणजे गावजेवण. रोडग्यांचे जेवण विदर्भात कोणाला सांगायला नको: गव्हाच्या जाडसर पिठाचे पदर देऊन केलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची तिखट भाजी. त्याला पीठ घरोघरचे चालते, वांगी घरोघरची चालतात, आणि विस्तवाभोवती दोन-तीन तास एकत्र बसावेच लागते. परंतु असे जेवण गाव जोडणारे आहे की नाही हे पंगत किती मोठी होती त्यावरून ठरवू नये. कणीक कोणी मळली, वाढायला कोण होते, आणि शेवटच्या पंगतीत नेहमी तीच घरे बसली का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर नकोसे आले, तर पुढच्या जेवणाच्या आधी ग्रामसभेत त्यावर उघड बोलावे.

“सगळ्यांकडे दोडकेच आले तर वाटायचे कोणाला?”

हा आक्षेप अगदी खरा आहे. एकाच योजनेतून एकाच प्रकारच्या बियांची पाकिटे वाटली गेली की सगळ्यांकडे एकाच आठवड्यात एकच भाजी येते आणि वाटणे थांबते. यावर उपाय साधा आहे: मृगाच्या आधी दहा-बारा घरांनी एकत्र बसून कोण काय आणि कधी लावणार हे ठरवावे. एकीच्या मांडवावर कारले, दुसरीकडे वालाच्या शेंगा, तिसरीकडे धोप्याची (अळूची) पाने आणि हळद, ज्या घरी विहीर आहे तिने उन्हाळ्यातली पालेभाजी सांभाळावी. असे केले की देवघेव ही गरज होते आणि टिकते.

“पाणी कुठून आणायचे?”

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नहाणीचे व भांड्यांचे पाणी लहान बागेला पुरते. ते साबणाचे असेल तर आधी गिट्टी-रेतीच्या खड्ड्यातून सोडावे आणि केळी, शेवगा, वेल यांना द्यावे. कच्ची खायची पालेभाजी किंवा मुळा यांवर सोडू नये. कपडे धुण्याच्या पावडरीतला सोडा काळ्या जमिनीला कडक करतो, म्हणून पाणी एकाच जागी वर्षभर मुरू देऊ नये. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अडचण मोठी आहे, कारण तिथले भूजलच खारे आहे. पालक आणि बीट खारे पाणी बऱ्यापैकी सोसतात, घेवडा लवकर मान टाकतो. तिथे छपराचे पावसाचे पाणी साठवून खरीप-रब्बीपुरती बाग करणे व्यवहार्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टँकरच्या पाण्यावर बाग जगवण्याचा हट्ट कोणीही धरू नये.

“ज्यांना परसच नाही त्यांनी काय करावे?”

भूमिहीन कुटुंबाचे घर बहुतेक वेळा एवढेसे असते की भिंतीला भिंत लागलेली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात मिरची, वांगी आणि छपरावर चढणारा एखादा वेल तिथेही येतो, पण त्यावर भागवा असे सांगणे मला न्यायाचे वाटत नाही. गावाच्या सार्वजनिक जागेवर, ग्रामपंचायतीच्या ठरावाने, अशा कुटुंबांना वाफे नेमून देता येतात. सामाईक मालमत्ता लोक ओरबाडून संपवतात, असे नेहमी म्हटले जाते. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या सामाईक जंगलांचा, कुरणांचा आणि पाटपाण्याचा अभ्यास करून दाखवले की वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांनीच देखरेख ठेवली आणि नियम मोडणाऱ्याला आधी हलकी समज देण्याची पद्धत ठेवली, तर सामाईक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. वरून आलेल्या बागेला कुंपण मिळते, राखणारा मिळत नाही.

“म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक काम?”

ही शंका बायका बैठकीत मोठ्याने विचारत नाहीत, पण त्यांच्या मनात असते. शेत, स्वयंपाक, पाणी, लेकरे आणि गटाची बैठक यांच्यावर परसबागही आली तर ती एकीच्या श्रमावर उभी राहील आणि पहिल्या आजारपणात सुकेल. खोदणे, कुंपण, मांडव आणि माकडे हाकलणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घ्यावीत, हे सुरुवातीलाच ठरले पाहिजे. माकडांचा त्रास असलेल्या गावात हळद, आले, मिरची आधी लावावी; त्यांना माकडे सहसा तोंड लावत नाहीत.

कपाशीवरचे कीटकनाशक परसबागेत कोणत्याही परिस्थितीत वापरू नये आणि त्याचा रिकामा डबा भाजीला पाणी घालण्यासाठीही घेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरण्यासारखे नाही. ज्या भाजीचा वानोळा दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात जाणार आहे, तिच्यावर काय फवारले याची जबाबदारी लावणाऱ्याचीच आहे.

बी वाटणे कायद्यात बसते का?

बसते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या ३९व्या कलमानुसार शेतकरी आपल्या शेतातले बियाणे राखू, पेरू, बदलू, वाटू आणि विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नावाने, म्हणजे ब्रँड लावून, विकता येत नाही. भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद यांना आज भौगोलिक मानांकन आहे. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिरचीचे बी आणि हळदीचे बेणे वर्षानुवर्षे राखले नसते तर मानांकन द्यायला काही उरले नसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुकानातून आणलेल्या हायब्रीड पाकिटाच्या फळाचे बी धरले तर पुढच्या वर्षी झाडे एकसारखी निघत नाहीत, काही फळे लहान तर काही कडू येतात, आणि ज्याला बी दिले तो उगाच नाराज होतो. म्हणून वाटायचे बी देशी वाणाचेच असावे. दोडक्याची पहिली चांगली दोन फळे वेलावरच वाळू द्यावीत, हलवल्यावर आत बी खुळखुळू लागले की उतरवावीत. वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर ठेवावे. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि डब्यावर भाजीचे नाव व वर्ष लिहावे. आठ-दहा घरांनी एकेका भाजीचे बी राखायची जबाबदारी घेतली तर गटाला पाकिटांची वाट पाहावी लागत नाही, आणि मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीत कोण काय लावणार हे ठरवतानाच बीही हातोहात देता येते.